लाळेतलं कॉर्टिसॉल आणि नैराश्य: सकाळी १० चा एकच नमुना पुरेल का?

प्रबंधार्थी

मानसशास्त्रातल्या प्रबंधाचा आराखडा बांधतोय. २० ते ३५ वयाचे ८० जण, स्त्री-पुरुष दोन्ही. पीएचक्यू-९ (नैराश्याची) आणि पीएसएस-१० (जाणवणाऱ्या ताणाची) या प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, त्याच वेळी लाळेचा एक नमुना घ्यायचा आणि एलायझा किटने (प्रतिपिंडांवर चालणारी चाचणी) कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजायचं. सगळ्यांना सकाळी १० वाजता बोलवायचं ठरवलंय, म्हणजे वेळेचा फरक उरणार नाही. गृहीतक साधं आहे: कॉर्टिसॉल जितकं जास्त, तितका नैराश्याचा गुणांक जास्त.

अडलंय ते असं. एक नमुना पुरतो का? कापसाचा बोळा बरा की थेट नळीत लाळ? गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना वगळायचं का? शिवाय मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की प्रयोगशाळेत ताण देऊन प्रतिसाद मोजावा. ते ८० जणांवर झेपेल का? चाचणीच्या ९६ खाचांच्या प्लेटा मोजक्याच मिळणार आहेत.

वेळापत्रक

सगळ्यांना १० ला बोलावलंत तरी वेळ सारखी होत नाही. जाग आल्यावर कॉर्टिसॉल झपाट्याने चढतं, ३० ते ४५ मिनिटांनी शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. तुमच्याकडे १० ला आलेला एक जण ६ ला उठलेला असेल, म्हणजे उतारावर बराच खाली. दुसरा सव्वानऊला उठून धावत आलेला, म्हणजे ऐन शिखरावर. दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडला तरी त्याचा मनःस्थितीशी काही संबंध नसेल. त्यात नैराश्यात झोपेचं वेळापत्रक बिघडतंच. म्हणजे झोपेचा परिणाम तुमच्या तक्त्यात नैराश्याचा परिणाम म्हणून दिसेल, आणि परीक्षक पहिल्याच वाचनात बोट ठेवतील.

भरीला, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल एकसारखं सोडत नाही. साधारण तास-दीड तासाच्या अंतराने उसळ्या येतात. एक नमुना उसळीवर पडला की दोन उसळ्यांच्या मधे, हे कळायला मार्ग नाही.

कमीत कमी चालेल असा आराखडा: डोळे उघडताच पहिला नमुना, मग ३० आणि ४५ मिनिटांनी, आणि रात्री झोपायच्या आधी चौथा. हे किमान दोन दिवस, दोन्ही कामाचे. एकाच दिवसाचा सकाळचा चढ पाहिला तर त्यात माणसाच्या ठेवणीपेक्षा त्या दिवशी काय वाढून ठेवलंय तेच जास्त दिसतं. परीक्षेच्या दिवशीचा आणि सुट्टीचा आकडा एकाच माणसाचे असूनही जुळत नाहीत.

आता खरी मेख. पहिला नमुना म्हणजे डोळे उघडल्यावर, आंथरुणातच. लोक उठतात, तोंड धुतात, फोन बघतात आणि पंधरा मिनिटांनी नळी हातात घेऊन वहीत मात्र 'उठल्याबरोबर' असं लिहितात. तोवर कॉर्टिसॉल चढलेलं असतं, पायाच उंच धरला जातो आणि चढ सपाट दिसतो. थकलेल्या, उदास माणसांत असा उशीर जास्त होत असेल तर 'नैराश्यात सकाळचा चढ मंदावतो' हा निष्कर्ष निव्वळ आळसातून तयार होतो. म्हणूनच २०१६ च्या तज्ज्ञगटाच्या सूचनांनी जाग येण्याची आणि नमुन्याची, दोन्ही वेळा यंत्राने तपासायला सांगितल्या आहेत. मनगटावरचा हालचालमापक आणि झाकण उघडल्याची वेळ नोंदवणारी बाटली मिळाली तर उत्तमच. नसेल तर प्रत्येक नळीचा भरल्याक्षणी फोनवर फोटो काढून पाठवायला सांगा. त्याने नमुन्याची वेळ पक्की होते, जाग कधी आली ते मात्र तरीही माणसाच्या शब्दावरच राहतं. पहिल्या नमुन्याला ५ मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तो दिवस चढाच्या हिशोबातून काढा. हा नियम नोंदी हातात येण्याआधी लिहून ठेवा, नंतर नको.

आदल्या रात्री उशाशी काय ठेवायचं त्याचीही चिठ्ठी द्या: क्रमांक लावलेल्या तीन नळ्या, आखूड नळकांडी, पेन. पहिला नमुना होईपर्यंत पाणीही नाही.

पिपेट_धरा

नळीचं बोलतो. फक्त कॉर्टिसॉल हवं असेल तर बोळा चालतो, पण तो कापसाचा नको, कृत्रिम धाग्याचा घ्या. कापसातून येणारी द्रव्यं टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, डीएचईए या इतर संप्रेरकांचे आकडे बिघडवतात. पुढे कधी तेच नमुने काढून इस्ट्रॅडिऑल मोजायचा विचार आला तर हात बांधले जातात. माझं मत थेट लाळेकडे: मान पुढे झुकवून तोंडात लाळ साठू द्यायची आणि ५ सेंमीच्या नळकांडीतून २ मिलीच्या पॉलिप्रॉपिलीन नळीत ओघळू द्यायची. थुंकायचं नाही. थुंकलं की निम्मी नळी फेसाने भरते आणि वितळवल्यावर हाती पाव मिली येतं. १ मिली द्रव हवा, फेस सोडून. नळी काठोकाठ भरू नका, गोठताना लाळ फुगते आणि झाकण उडतं.

नमुन्याआधीचा तास: खाणं नाही, चहा-कॉफी नाही, धूम्रपान नाही, व्यायाम नाही. दात घासणं नमुन्यांनंतर. हिरड्यांतून आलेलं थोडंसं रक्तही लाळेत मिसळलं की आकडा बिघडतो, कारण रक्तात एकूण कॉर्टिसॉल लाळेच्या कितीतरी पट असतं. गुलाबी छटा दिसली की नमुना बाद. लिंबू किंवा आंबट गोळी देऊन लाळ वाढवायची युक्ती काही ठिकाणी अजून सांगतात. ती करू नका. लाळ आम्लधर्मी झाली की प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीत आकडा खोटाच वर जातो. ज्येष्ठमधाच्या गोळ्याही बंद. लाळग्रंथीत कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करणारं विकर आहे, ज्येष्ठमध नेमकं त्यालाच अडवतं.

औषधं विचारताना 'स्टिरॉइड घेता का?' एवढंच विचारलं तर लोक नाही म्हणतात. दम्याचा पंप, नाकातला फवारा, खाजेचं मलम, सांध्यातलं इंजेक्शन अशी नावं घेऊन विचारा. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. मलम लावलेलं बोट नळकांडीला लागलं तरी आकडा आभाळाला भिडतो. प्रेडनिसोलोनला बऱ्याच किटमधले प्रतिपिंड कॉर्टिसॉल समजून धरतात. डेक्सामेथासोनचं उलटं: ते चाचणीत फारसं दिसत नाही, पण माणसाचं स्वतःचं कॉर्टिसॉल दाबून टाकतं. आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणारे पुष्कळ असतात. किटमध्ये स्ट्रेप्टॅव्हिडिन असेल तर बायोटिनमुळे कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसतं. दोन दिवस आधी बंद करायला सांगा, किंवा किट बदला.

घरी घेतलेले नमुने आधी फ्रिजमध्ये, मग तुमच्याकडे उणे २० अंशांवर. एकदा गोठवणं फायद्याचंच, कारण वितळताना चिकट म्युसिन सुटून तळाशी बसतं. वितळवून खोलीच्या तापमानाला आणा, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर (गुरुत्वाच्या १५०० पट) १५ मिनिटं फिरवा आणि वरचा नितळ भाग घ्या. सेंट्रिफ्यूजवर आकडा जी मध्ये लावायचा की फेऱ्यांमध्ये ते बघा, दोन्ही एक नव्हेत. पिपेटच्या टोकाला तार आली तर नमुना पुन्हा फिरवा. चिकट लाळेचं माप नेहमी कमी पडतं आणि जोडीतले दोन आकडे जुळत नाहीत.

आता प्लेटांचा हिशोब. ९६ खाचांपैकी स्टँडर्ड, शून्य, कोरी खाच आणि दोन कंट्रोल, सगळं जोडीने धरलं तर साधारण २० खाचा जातात. उरल्या ७६, म्हणजे ३८ नमुने. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर हवेत, नाहीतर त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या फरकात प्लेटांमधला फरक मिसळतो. माणशी ८ नमुने (४ नमुने, २ दिवस) धरले तर प्लेटवर ४ माणसं, म्हणजे ८० जणांना २० प्लेटा. दुपारचा पाचवा नमुना घातलात तर माणशी १०, प्लेटवर ३ च माणसं आणि प्लेटा २७. एका जादा नमुन्याला सात प्लेटा पडतात. तो दुपारचा नमुना खरंच लागतोय का, ते आधी ठरवा. उरलेल्या खाचा रिकाम्या नका समजू, फेरतपासणीला लागतील. आणि जास्त गुणांकवाले एका प्लेटवर, कमीवाले दुसऱ्यावर असं होऊ देऊ नका, सरमिसळ करा.

जोडीतल्या फरकाचा सीव्ही (सरासरीच्या टक्क्यांत विचलन) १० टक्क्यांच्या आत आणि प्लेटांमधला १५ च्या आत असायला हवा. एकक नीट लिहा: १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे २७.५९ नॅनोमोल प्रति लिटर. दोन शोधनिबंधांची तुलना करताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

प्रबंधार्थी

हे कळलं, एक नमुना रद्द. मग मार्गदर्शकांचा ताणाचा प्रयोग? आणि गोळ्यांचं?

अक्ष_अभ्यासक

मार्गदर्शक बहुधा ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट म्हणताहेत. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी १९९३ मध्ये मांडलेली. ८० जणांवर नाही झेपणार, कारण एका माणसामागे दीड-दोन तास आणि तीन माणसांची टोळी लागते. घरचे नमुने ८० जणांचे घ्या, हा प्रयोग हवाच असेल तर त्यातल्या ३०-४० जणांवर करा.

मांडणी अशी. दुपारी २ नंतरच बोलवायचं, सकाळचा उतार संपलेला असतो. आल्यावर ३० ते ४५ मिनिटं नुसतं बसवायचं. जिना चढून आलेला, नवी जागा पाहून बावरलेला माणूस आधीच चढलेला असतो, मग चढायला जागा उरत नाही. एक नमुना. मग ५ मिनिटं तयारी, ५ मिनिटं स्वतःच्या पात्रतेवर भाषण, ५ मिनिटं तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... चुकला की एवढंच म्हणायचं, "चूक. पुन्हा १०२२ पासून." समोर पांढऱ्या कोटातले दोघे, चालू कॅमेरा, चेहऱ्यावर काही नाही. भाषण आधीच संपलं तर 'अजून वेळ आहे' म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यानंतरचे नमुने: संपताक्षणी, मग १०, २०, ३०, ४५ मिनिटांनी. लाळेतलं शिखर प्रसंग संपल्यावर १० ते २० मिनिटांनी येतं. जे फक्त 'आधी' आणि 'लगेच नंतर' मोजतात, त्यांना चढ दिसतच नाही.

बहुतेक ठिकाणी फसतं ते परीक्षक मंडळींमुळे. एखादा मायाळू असतो, मान हलवतो, हसतो. तिथे प्रयोग संपला. डिकरसन आणि केमेनी यांनी २००४ मध्ये २०८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा कॉर्टिसॉल सर्वांत जास्त चढवणाऱ्या दोन गोष्टी निघाल्या: लोक आपल्याला जोखताहेत ही भावना, आणि परिस्थिती हाताबाहेर असणं. हसरा परीक्षक पहिली गोष्टच काढून घेतो. त्याच माणसाला महिन्याभराने परत बसवू नका, दुसऱ्या वेळी प्रतिसाद बराच पडतो. काही जणांत चढ येतच नाही, तेही नोंदवायचं. १.५ नॅनोमोल प्रति लिटरची वाढ हा प्रतिसाद धरण्याचा एक रूढ निकष आहे.

गोळ्यांबद्दल. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनमुळे यकृत कॉर्टिसॉल बांधून ठेवणारं ग्लोब्युलिन जास्त बनवतं. रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं, पण लाळेत उतरतं ते मोकळं कॉर्टिसॉल, आणि त्याचा ताणावरचा प्रतिसाद गोळ्या घेणाऱ्यांत दबलेला मिळतो. किर्शबाउमच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की पाळीच्या उत्तरार्धातल्या स्त्रियांचा मोकळ्या कॉर्टिसॉलचा प्रतिसाद पुरुषांसारखा असतो; पूर्वार्धातल्या आणि गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा कमी. तेव्हा 'स्त्रिया' असा एक गट करून चालत नाही. गोळ्या घेणाऱ्यांना वगळा किंवा वेगळा गट करा. पाळीची शेवटची तारीख विचारणं किमान; त्यावरून टप्पा ठरवला तर चुका खूप होतात. ताणाचा प्रयोग करणार असाल तर बीजोत्सर्ग ओळखणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या पट्ट्या द्या आणि पट्टी पॉझिटिव्ह आल्यानंतर ५ ते ९ दिवसांत बोलवा.

आणि एक, जे आराखड्यात दिसलं नाही. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे नैतिक समितीच्या अर्जातच लिहा. प्रश्नावल्या महिनाभर फाइलीत पडून नंतर एकदम संगणकात भरल्या जातात, असं अजिबात नको. अशा व्यक्तीला ताणाच्या प्रयोगात बसवायचं नाही.

संप्रेरकी

तंत्र झालं, पण मूळ गृहीतकच डळमळीत आहे. 'जास्त कॉर्टिसॉल म्हणजे जास्त नैराश्य' हे इतकं सरळ असतं तर १९८० च्या दशकातच प्रश्न सुटला असता. बर्नार्ड कॅरल यांच्या गटाने १९८१ मध्ये डेक्सामेथासोनची चाचणी प्रमाणित केली: रात्री ११ ला १ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर कॉर्टिसॉल उरलं तर दाबलं गेलं नाही. तीव्र, मेलँकोलिक (कशातच आनंद न उरणाऱ्या, भल्या पहाटे जाग येणाऱ्या) नैराश्यात हे पुष्कळदा दिसतं. पण वजन घटलेलं असणं, दारू सोडण्याचे दिवस, अंगातला दुसरा आजार, कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन यांनीही तसंच दिसतं. निदानासाठी ती टिकली नाही.

आघातोत्तर तणाव विकारात तर गाडी उलट्या दिशेला. रेचल येहुदा यांच्या कामात अशा रुग्णांत कॉर्टिसॉल अनेकदा कमी आणि अर्ध्या मिलिग्रॅम डेक्सामेथासोननेच नेहमीपेक्षा जास्त दबलेलं मिळालं. म्हणजे ताण तोच शब्द, आकडा वेगळ्या बाजूला. तुमच्या ८० जणांत दोन्ही प्रकारची माणसं असतील तर सरासरीत एकमेकांना खोडून टाकतील.

औषधांचा इतिहासही हेच सांगतो. वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ हे कॉर्टिसॉलची साखळी सुरू करणारं ४१ अमिनो आम्लांचं संप्रेरक शोधलं, तेव्हा त्याचा ग्राहक (पेशीवर ते जिथे बसतं ती जागा) अडवला की नैराश्य जाईल अशी मोठी आशा होती. एकामागून एक रेणू चाचण्यांत आपटले. त्याच कुळातलं क्रिनेसरफाँट डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या ग्रंथीच्या आनुवंशिक आजारासाठी.

आता तुमच्या विषयाला जास्त उपयोगी काम: पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनो, अमेरिकेची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था, १९९८. पाळीपूर्वी तीव्र उदासी येणाऱ्या स्त्रियांत संप्रेरकांचे आकडे इतरांसारखेच असतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यांनी ल्युप्रोलाइड देऊन अंडाशयाचं काम थांबवलं. बऱ्याच जणींची लक्षणं गेली. मग एकेक करून इस्ट्रॅडिऑल किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, आणि लक्षणं परतली. ज्यांना असा त्रास कधीच नव्हता, त्यांना तंतोतंत तोच उपचार दिला तर मनःस्थिती जागची हलली नाही. पातळी तीच, परिणाम वेगळा.

२००० साली ब्लॉक, श्मिट आणि सहकाऱ्यांनी हीच रीत बाळंतपणानंतरच्या नैराश्याला लावली. १६ जणी, निम्म्यांना पूर्वी ते नैराश्य आलेलं, निम्म्यांना नाही. आठ आठवडे गरोदरपणासारखी उंच संप्रेरकं देऊन मग एकदम काढून घेतली. पहिल्या ८ पैकी ५ जणींची मनःस्थिती ढासळली, दुसऱ्या ८ पैकी एकीचीही नाही. गट छोटा आहे, पण रचना इतकी स्वच्छ की प्रबंधाआधी मूळ निबंध वाचाच. याच धाग्याने प्रोजेस्टेरॉनपासून बनणाऱ्या ॲलोप्रेग्नॅनोलोनकडे लक्ष गेलं. त्याचंच औषधी रूप असलेलं ब्रेक्सॅनोलोन बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर २०१९ मध्ये मंजूर झालं, ६० तासांची सलाइन. त्याच वळणाचं झुरॅनोलोन २०२३ मध्ये, १४ दिवसांच्या गोळ्या.

तेव्हा पातळी आणि गुणांक यांचा सहसंबंध शोधू नका. 'सकाळचा चढ आणि दिवसाचा उतार हे मेलँकोलिक लक्षणं असलेल्या आणि नसलेल्यांत वेगळे आहेत का?' असा प्रश्न घ्या. तो खोटा ठरू शकतो, म्हणून चांगला आहे.

वक्राखाली

आकडेमोडीवर थोडंसं. चढासाठी दोन मापं काढा. समजा उठताना १०, ३० मिनिटांनी १६, ४५ ला १४. वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ: (१०+१६)/२ × ३० = ३९०, अधिक (१६+१४)/२ × १५ = २२५, म्हणजे ६१५. पायाचा आयत १० × ४५ = ४५० वजा केला की वाढ १६५. पहिलं किती स्रवलं ते सांगतं, दुसरं किती चढलं ते. दोन्ही एकाच निष्कर्षात कालवू नका. ३० आणि ४५ च्या जागी नोंदवलेली खरी मिनिटं घाला.

आकडे उजवीकडे लांबलेले असतात, लॉग घेऊनच मॉडेल बांधा. दोन दिवस, आठ नमुने, एक माणूस म्हणजे मिश्र-परिणाम मॉडेल. उठण्याची वेळ, झोपेचे तास, लिंग, गोळ्या, धूम्रपान हे आत हवेतच. टोकाचा आकडा दिसला की आधी पिपेट_धरा यांची यादी तपासा, मग काढायचा की ठेवायचा ते ठरवा.

कोणी केसांतल्या कॉर्टिसॉलचा सल्ला देईल. डोक्याच्या मागच्या वरच्या भागातून टाळूलगत कापलेले ३ सेंमी म्हणजे अंदाजे मागचे तीन महिने. वेळेची कटकट नाही, पण २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात स्वतः सांगितलेला ताण किंवा उदासी यांच्याशी त्याचा सातत्याने संबंध निघाला नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नावल्या तशाच, स्वतः भरायच्या आहेत.

पिपेट_धरा

केस इतक्या पटकन उडवू नका. दीर्घकालीन, अजून चालू असलेल्या ताणात ते वाढलेलं मिळतं, त्याच विश्लेषणात. ह्या प्रबंधाला नको, एवढं मान्य.

प्रबंधार्थी

आराखडा बदलला: ८० जण, ४ नमुने, २ दिवस, २० प्लेटा, ताणाचा प्रयोग सोडून दिला. मार्गदर्शकांना हिशोब दाखवला की पटेल असं वाटतंय. शेवटचं: सहभागी आपापला आकडा मागणार. काहींनी 'अधिवृक्क थकवा' शोधणारे लाळेचे घरगुती किट घेतलेलेही असतील. द्यायचा का आकडा?

अक्ष_अभ्यासक

नका देऊ. संमतीपत्रातच लिहा की हे आकडे संशोधनाचे आहेत, निदानाचे नाहीत. 'अधिवृक्क थकवा' हे निदान एंडोक्राइन सोसायटी मानत नाही. अधिवृक्क ग्रंथी खरोखर अपुरी पडत असल्याची शंका असेल तर सकाळी ८ चं रक्तातलं कॉर्टिसॉल आणि गरजेप्रमाणे २५० मायक्रोग्रॅम एसीटीएचची (त्या ग्रंथीला चेतवणारं संप्रेरक) चाचणी हाच मार्ग, लाळेच्या चार नळ्या नाहीत. किट घेतलेल्यांना एक विचारा: त्याबरोबर 'ग्रंथींचा अर्क' म्हणून काही गोळ्या चालू आहेत का? त्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे, तेव्हा तो माणूस तुमच्या नमुन्यात नको.

अपवाद एक. एखाद्याचे झोपतानाचे दोन्ही नमुने त्याच किटच्या मर्यादेहून बरेच वर असतील (मध्यरात्रीच्या लाळेसाठी ४ नॅनोमोल प्रति लिटरच्या आसपासची रेषा वापरतात, पण ती किटगणिक बदलते), मलम-पंप नसेल, रात्रपाळी नसेल, तर अंतःस्राव तज्ज्ञाकडे जायला सांगा. कुशिंगमध्ये (शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजारात) उदासी हे अनेकदा सुरुवातीचं लक्षण असतं. पण त्यासाठी नमुने महिनोन्महिने गोठवून न ठेवता निदान झोपतानाचे नमुने तरी लवकर मोजावे लागतील, आणि क्रमांकावरून माणूस शोधून काढणारी यादी कुणाकडे, कुलुपात कुठे, हे अर्जात नमूद करा.